अठरावा खण

लढाई संपली आणि प्रसूतिगृह झालेली हवेली मालकिणीला परत द्यायचा दिवस उजाडला. बाँबहल्ल्यांमुळे लंडनहून इथं बाळंतपणाला धाडलेल्या बायका एवढ्या की पाळणे कायम अपुरे पडत. सुईण एनिड कपाटांचे खण उपसून त्यांत बाळं निजवायची. पाच वर्षांत तिच्या कमरेचा काटा पार ढिला झाला होता. आज मालकीणबाई एकेक खण स्वतः जागी सरकवत होत्या. शेवटी एक जागा रिकामीच राहिली. “अठरावा कुठंय, सिस्टर? शेकोटीत घातलात की काय?” खोटं बोलायचंही एनिडच्या अंगात त्राण नव्हतं. “पहिल्या हिवाळ्यात एक पोर दोन तासच जगलं, बाईसाहेब. सुतार सगळे लढाईवर, शवपेटी कोण करणार? त्या खणातच पुरलं त्याला.” मालकीणबाई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. “त्या खणात माझी लोकरीची शाल होती,” त्या म्हणाल्या. “ती तरी नीट गुंडाळलीत ना त्याला?”