बुडावरचं नाव

परदेशातलं ते काळं लाकूड इतकं टणक, की लेथवर एक वाडगा कातायचा म्हटलं तरी घडीघडी पटाशीला धार लावावी लागते. आधी नुसता ढोबळ आकार द्यायचा आणि फळीवर पालथा घालून दोन-तीन वर्षं वाळू द्यायचा, नाहीतर तडकतो. ज्याने सुरू केला त्यानेच तो पुरा करायचा, म्हणून बुडावर खडूने आपलं नाव टाकायचं, ही आम्हा बापलेकीची पद्धत.

आज लेथ थांबवून बाबांनी विचारलं, "काल डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले गं?"

"काही नाही हो. या लाकडाची धूळ छातीत बसलीय. औषधाने जाईल."

"मग झालं तर!" खोकला दाबत त्यांनी पुन्हा लेथ सुरू केलं. खोटं पचलं म्हणून मला हायसं वाटलं.

संध्याकाळी त्यांचा हात वर जाईना, म्हणून नवा वाडगा त्यांच्या फळीवर मीच ठेवायला गेले. बुडावर माझं नाव होतं. मी शेजारचे जुने वाडगे पाहिले. सगळ्यांवरचं त्यांचं नाव पुसून माझं लिहिलेलं.

आणि त्या जुन्या वाडग्यांवरच्या माझ्या नावावर कित्येक महिन्यांच्या धुळीचा थर बसला होता.