नवीन बाईंचं नाव

कर्णबधिर मुलांच्या शाळेचा साठावा वर्धापनदिन. दहावीतली एक मुलगी व्यासपीठावर उभी राहून शाळेचा इतिहास हातांनी सांगत होती आणि माइकपाशी दुभाषी बाई तो पाहुण्यांना बोलून दाखवत होत्या.

या शाळेत मोठ्या माणसांची नावं मुलं ठेवतात, खुणेची. ती मागून मिळत नाहीत, आणि एकदा मिळालेलं नाव ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

मुलीने मिशी पिळली. हे संस्थापक.

"त्यांनी स्वतःच्या पडवीत तीन मुलांना घेऊन शाळा काढली," दुभाषी बाई म्हणाल्या.

मुलीने स्वतःच्या मनगटावर फटका मारला. हे दुसरे मुख्याध्यापक. तोंडानेच बोला म्हणत, हातांनी बोलणाऱ्या मुलांच्या हातावर ते पट्टी ओढायचे.

"अतिशय शिस्तप्रिय," दुभाषी बाई म्हणाल्या.

मग ढेरी आली. या तिसऱ्या सरांनी ती पट्टी गुडघ्यावर मोडून टाकली होती. शेवटी मुलीने मान खांद्यावर टाकली आणि तोंड उघडं टाकलं. पोरं खुसखुसली.

पहिल्या रांगेतले संस्थेचे अध्यक्ष खूश झाले. "हा मीच ना? काय म्हणाली?"

"नम्रता, साहेब. आपली नम्रता."

मुलीचे हात थांबले. ती दुभाषी बाईंच्या ओठांकडे बघत होती. 'मी असं म्हटलं नाही,' तिने खूण केली. दुभाषी बाईंना एकाएकी छताचा पंखा बघावासा वाटला.

नवीन मुख्याध्यापिका अध्यक्षांच्या शेजारीच बसल्या होत्या. आठ महिने झाले तरी त्या बिननावाच्याच होत्या. मुलं त्यांना 'नवीन बाई' म्हणत, जशी नवीन बादली. याचं त्यांना फार वाईट वाटे. त्यातून त्यांना नोकरीत कायम करण्याचा कागद आज अध्यक्षांच्या सहीसाठी आणला होता. मुलगी आता या नवीन बाईंकडे बघत होती.

त्या उठल्या. तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलल्या, "साहेब, ती नम्रता नव्हती, झोप होती. आपण दर कार्यक्रमात झोपता, म्हणून मुलांनी आपलं तेच नाव ठेवलंय. आणि मुलांचं म्हणणं इथे कुणी बदलायचं नाही. पट्टी मोडली ती त्यासाठीच."

मुलांचे हात भराभर चालू झाले.

"दर कार्यक्रमात?" अध्यक्षांचा चेहरा पडला.

मागच्या रांगेतली एक चिमुरडी बाकावर चढून हातवारे करू लागली. दुभाषी बाईंनी माइक जवळ ओढला. "ती म्हणते, मागच्या वर्षी लाळसुद्धा गळली होती."

अध्यक्षांनी नकळत हनुवटी पुसली.

तेवढ्यात व्यासपीठावरच्या मुलीने मुख्याध्यापिकांकडे बोट दाखवलं. मग डावा तळहात पसरला, त्यावर उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी उभी केली आणि ती लटलट हलवली.

"आता हे काय?" अध्यक्षांनी जपूनच विचारलं.

"बाईंचं नाव," दुभाषी बाई म्हणाल्या, आणि या वेळी काहीही न बदलता, "पाय लटपटतात ती."

मुख्याध्यापिकांनी खाली पाहिलं. खरंच लटपटत होते. त्यांना हसू आलं, रडूही आलं. त्यांनी मान वर केली, तर समोर दीडशे तळहातांवर दीडशे नवीन बाई थरथरत उभ्या होत्या.