कोरडं फडकं

टेक्निशियनने भिंग लावून मदरबोर्ड उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काकू, यात पाण्याचा थेंबही गेलेला नाही. बोर्ड मुळातच खराब आलाय."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आधीच अंग चोरून राहायचं. त्यात जावयाचा नवाकोरा कॉम्प्युटर बंद पडला, तोही नेमका त्यांनी पुसल्यावर. फडकं कोरडं होतं, हे त्या आठ दिवस घसा फोडून सांगत होत्या. जावई "हो, हो" म्हणायचा आणि बाहेर जाताना खोलीला कुलूप लावायचा. शेवटी बोर्ड दाखवायला मीच जाते, म्हणून त्या हट्टाने सर्व्हिस सेंटरवर आल्या होत्या.

"हेच कागदावर लिहून द्या," त्या म्हणाल्या.

टेक्निशियनने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर तोंडाचा फार गोड. वॉरंटी आहे, हक्क तुमचाच, म्हणाला. पण कंपनीचा दोष लिहिला की बोर्ड मुख्य ऑफिसला जाणार, तपासणी होणार, दोन महिने कुठे गेले नाहीत. त्यापेक्षा 'ग्राहकाच्या हातून पाणी गेलं, कंपनीने सवलत म्हणून बदलून दिला' एवढ्यावर सही करा आणि नवा बोर्ड आत्ता घेऊन जा. सासूबाईंनी वॉरंटी कार्ड रात्रंदिवस वाचलं होतं. असलं काही त्यात नाही, हे त्यांनी सुनावलंही. मॅनेजरने हसत तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला.

दोन महिने! जावयाचं सगळं काम त्या कॉम्प्युटरवर. आठ दिवसांतच दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती आणि लेक आईशी धड बोलत नव्हती. सासूबाईंनी पेन मागितलं. त्या सही करत होत्या तेव्हा टेक्निशियनने मान खाली घातली.

संध्याकाळी नवा बोर्ड बसला, कॉम्प्युटर सुरू झाला. कितीतरी दिवसांनी लेक हसली. मग खोक्यातला कागद जावयाच्या हाती लागला. त्याने तो दोनदा वाचला.

"अहो, तो टेक्निशियन म्हणत होता..." सासूबाईंनी सुरुवात केली.

जावयाने मोठ्या मनाने त्यांना थांबवलं. "राहू द्या, आई. कबूल केलंत ना, माझ्या मनात आता काही नाही."