पालथा एक्सल

त्याने पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला आणि जीप मागे गेली. मागे शेडची भिंत होती. नव्याकोऱ्या बंपरला पहिला पोचा घरातच पडला.

फाटकाजवळ त्याची बायको खांद्याला पर्स लावून उभी होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ, स्कूटरवर एक पाय टेकून. बहिणीला निरोप द्यायला आला होता.

"भावोजी, रिव्हर्स पडला वाटतं," मेहुणा म्हणाला.

"कळतं मला."

त्याने लिव्हर मोकळी करून चाचपली, पुन्हा पहिला टाकला. जीपने पुन्हा भिंतीला धडक दिली. मग दुसरा टाकला. भिंतीवरच्या फळीवरून रंगाचा डबा निसटून उघड्या मागच्या सीटवर, बायकोच्या बॅगेवर आदळला. तिसरा टाकायचा त्याला धीर झाला नाही.

आळीत त्याला सगळे कारखानदार म्हणत. कारण शेडमधून कारखान्यासारखा आवाज यायचा, माल मात्र कधी बाहेर पडायचा नाही. इंजिन एका मोडक्या टेम्पोचं, गिअरबॉक्स लिलावातल्या गाडीचा, मागचा एक्सल भंगारातला, दारं आणि बॉनेट बाजारातून नवी मागवलेली. एकाचं भोक दुसऱ्याच्या बोल्टला जुळेल तर शपथ. तरी कुणाला घासून, कुणाला ठोकून, सगळ्यांची समजूत काढत त्याने त्यांचा संसार मांडून दिला होता. स्वतःच्या संसाराला मात्र तो सांगत आला होता, गाडी झाली की निघू.

बायकोला बढती मिळाली होती, दूरच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून. तिथे घरही घेऊन झालं होतं. दोनदा तिने मुदत वाढवून घेतली. आता उद्या सकाळी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि कालच जेवताना त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, उद्या आपण दोघं आपल्या गाडीतून जायचं.

तो जीपखाली शिरला. एक्सलचं तेल सोडायचं बूच त्याला वरच्या अंगाला दिसलं. तेल भरताना त्याला ते फारच सोयीचं वाटलं होतं. आता मात्र तो त्या बुचाकडे बघतच राहिला. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट डाव्या अंगाला आणि या एक्सलचं तोंड उजव्या, म्हणून त्याने एक्सलच पालथा घातला होता. तोंडाला तोंड बरोबर जुळलं, तेव्हा स्वतःच्या अकलेवर खूश होऊन त्याने दोनदा चहा घेतला होता. पालथ्या एक्सलवर चाकं उलटी फिरतात, एवढंच लक्षात घ्यायचं राहिलं.

त्याने पान्हा जमिनीवर आपटला आणि स्वतःलाच एक ठेवणीतली शिवी घातली. आता रडू येणार असं वाटत होतं, तेवढ्यात नाकावर तेलाचा थेंब पडला. तो तसाच बाहेर आला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पुढचे सगळे गिअर मागे जातात."

"आणि पुढे?"

"पुढे फक्त रिव्हर्स."

मेहुणा फसकन हसला. मग ताईचा चेहरा बघून हेल्मेटचा पट्टा नीट करू लागला.

"दुसरा एक्सल टाकावा लागेल," तो बायकोला घाईघाईने म्हणाला. "दोन दिवस दे. फार तर तीन."

"मागच्या महिन्यात रेडिएटर होता. त्याच्या आधी ब्रेक."

"अगं, मी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही हो. पण तुम्हाला यायचंच नाहीये. गाडी बिचारी तुमच्या मनासारखी चालते."

काहीतरी झणझणीत बोलावं असं त्याच्या फार मनात आलं. पण तिचं खरं होतं. तिकडे तो मुख्याध्यापिकाबाईंचा नवरा होणार होता, इथे निदान कारखानदार तरी होता. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही.

तिने सीटवरची बॅग उचलली, पदराने पुसली आणि भावाच्या स्कूटरवर ठेवली. "तू बस स्टँडवर हो पुढे. मी येते चालत." निघताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याने तेलाचे हात पँटला पुसले. मग गाडीत बसला आणि लिव्हर खेचून रिव्हर्सला घातली. जीप कण्हत पुढे सरकली आणि फाटकातून बाहेर आली.

"निघाला! कारखान्यातून माल निघाला!" वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. त्याने मान वर केली नाही.

रिव्हर्स गिअर तो, त्याचा वेग केवढा असणार! जरा दाबलं की इंजिन किंचाळायचं, पण गाडी काही पळायची नाही. कोपऱ्यावर कशीबशी त्याने तिला गाठली.

"बैस ना."

"एवढ्या वेगाने मी चालतेच आहे."

ती फुटपाथवरून आणि तो रस्त्याच्या कडेने, असे दोघं बरोबरीने जात राहिले. मागून सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात होते. चढ संपला आणि समोर बस स्टँड दिसू लागला.

"स्टँडवर गाडी लावायला जागा आहे," ती समोरच बघत म्हणाली. "तिकिटं किती काढू?"

इंजिन एवढं ओरडत होतं की त्यात कुठलंच उत्तर ऐकू गेलं नसतं. त्याने चावी फिरवून ते बंद केलं आणि म्हणाला, "दोन."