गल्लीतलं वाळवण

चौकात उभं राहून "आमचं मत परत द्या" एवढंच बोललेल्या आँग मो मास्तरांना उचलायला कॅप्टन ये तुन जवान घेऊन मंडालेच्या आमच्या गल्लीत आला आणि तोंडाशीच थबकला. गल्लीवर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर बायकांच्या लुंग्या. त्यांच्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"काढा हे!" कॅप्टन ओरडला. एकही जवान हात लावेना.

"निवडून दिलेलं सरकार काढताना हात नाही थरथरले रे तुमचे," तिन मे मावशी दारातून म्हणाली. "आता लुंगी काढवेना?"

"तोंड आवर, म्हातारे! जिची जिची लुंगी, तिला तिला तुरुंगात टाकतो!" कॅप्टनने छडी वर रोखली. "बोल, ही हिरवी, मोराची, कुणाची?"

मावशीने पानाची पिंक टाकली.

"ती होय? तुमच्या बाईसाहेबांची. सकाळी स्वतः येऊन बांधून गेल्या. म्हणाल्या, 'पोराच्या मास्तरांना आमच्या ह्यांचा हात लागता कामा नये.'"