पेटीवर आकांक्षा

"आधी डावा खांदा चोळ मम्मी. तोच लई दुखून राह्यला," असं म्हणून आकांक्षा सतरंजीवर पालथी पडली.

सुरेखानं कोमट तेल हातावर घेतलं. पोरीचा दंड कडक झाला होता. रविवारी वाचनालयातून आली की दर खेपेला हेच.

"पेटी वाजवून खांदा कसा काय दुखतो गं?"

"जुनी पेटी हाये. जोर लागतो."

सुरेखाला तेवढं पुरलं. पेटी तिनं कीर्तनात बायकांच्या मागून, लांबून पाहिलेली. तिच्यात जोर कुठं लागतो आणि बोटं कुठं, हे तिला कोण सांगणार?

जाफराबादच्या त्या वाचनालयात मुलांचा संगीतवर्ग निघाला तेव्हा घरात महाभारत घडलं होतं. सुरेखाचा नवरा कचरू भोकरदन रोडवर काळीपिवळी जीप चालवायचा. गाणंबजावणं म्हणजे रिकाम्या लोकांचा धंदा, हे त्याचं ठाम मत. सुरेखानं अबोला धरला. शेवटी तो वरमला, पण अट घालूनच.

"वर्षाच्या कार्यक्रमाला मी सोता येऊन बघीन. पोरीनं सगळ्यांसमोर काही करून दाखवलं त ठिवू. न्हाई त वर्ग बंद. मंग माझ्यापुढं रडायचं न्हाई."

तेव्हापासून सुरेखाचा जीव त्या कार्यक्रमात अडकला होता. तिला स्वतःला उभ्या जन्मात कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. पोरीला बोलावलं पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

वर्गाच्या दाराशी आयांनी गर्दी करायची नाही, असा वाचनालयाचे कार्यवाह अप्पाराव यांचा नियम होता. पेपर वाचणाऱ्यांना म्हणे त्रास होतो. पेपर वाचणारे पंख्याखाली घोरत असत, ती गोष्ट वेगळी. सुरेखा आपली बाहेर, भिंतीच्या सावलीत बसायची. खिडकीतून पेटीचा सूर आला की तिची छाती फुगायची. शेजारी बसलेल्या बायांना ती सांगायची, "ही आमची."

एकदा तिनं इजहार सरांना फाटकातच गाठलं. सर शिकवायला बदनापूरहून यायचे आणि नेहमी गाडीच्या घाईत असायचे.

"सर, आमची कशी हाये?"

सर जरा थबकले. "भाभी, खरं सांगू? आकांक्षा न्हाई आली त पेटी बोलतच न्हाई. बिलकुल न्हाई."

"म्हंजे पेटीला तीच?"

"पेटीपाशी तीच असती," सर म्हणाले आणि जल्दी जल्दी निघून गेले.

किती साधा माणूस, सुरेखाला वाटलं. शिष्याचं कौतुक करतानासुद्धा लाजतो. त्या संध्याकाळी तिनं गल्लीतल्या प्रत्येक दारात उभं राहून ते कौतुक सांगितलं. जाऊ बेबीनंदानं नाक मुरडलं, म्हणून तिला मुद्दाम दोनदा सांगितलं.

आकांक्षा मात्र घरी काही दाखवायची नाही. सुरेखानं पाट पुढं सरकवला, "यावर बोटं फिरवून दाखव की," म्हणाली, तर "पेटी नसल्यावर काय दाखवू?" म्हणून ती उठून गेली. पण कार्यक्रमातली गवळण तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती. भांडी घासताना ती गुणगुणायची. कुठं सूर चढतो, कुठं थांबतो, सगळं बराबर. भिंतीच्या सावलीत बसून सुरेखानं जे ऐकलं होतं, तेच जसंच्या तसं.

कार्यक्रमासाठी सुरेखानं पिवळा परकर-पोलका शिवला. पोलक्यावर पुढून, छातीवर, मोराचं भरतकाम केलं. लोकांचं शिवणकाम बाजूला ठेवून तिनं त्या मोरासाठी डोळे फोडले. आकांक्षानं तो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"एवढं कशाला केलं मम्मी?"

"का? आवडला न्हाई?"

"आवडला." मग मोरावरून बोट फिरवत ती म्हणाली, "पप्पा न्हाई आले त न्हाई चालणार का? त्यांच्या फेऱ्या बुडतेत."

"अगं बाई, त्यांनाच त दाखवायचंय!" सुरेखा हसली. एवढ्याशा पोरीला बापाच्या फेऱ्यांची काळजी. तिला फार भरून आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी कचरू जीप घरीच लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. सुरेखानं त्याला ओढत नेऊन पुढच्या खुर्चीवर बसवलं. बेबीनंदाला मागच्या रांगेत जागा मिळाली, त्याचंही तिला समाधान वाटलं. अप्पारावांनी भाषण केलं. गोरगरिबांच्या मुलींना आपलं वाचनालय व्यासपीठ देतं, असं ते म्हणाले. सुरेखानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या.

पडदा सरकायला लागला तसे तिचे डोळे आपोआप मिटले. ती हात जोडून बसली. पेटीचा पहिला सूर निघाला. तोच, खिडकीतून येणारा. गवळण सुरू झाली, आणि कुठंही अडखळली नाही. सुरेखाच्या गालावरून पाणी ओघळलं. तिनं डोळे न उघडताच कचरूचा हात दाबला.

"आता बोला. ऐकून राह्यले ना? ही आपली!"

"कुठंय?" कचरू म्हणाला.

सुरेखानं डोळे उघडले. पेटीवर अप्पारावांची नात प्रियदर्शनी बसली होती, दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर आणि हसरा चेहरा लोकांकडं. पेटीच्या अलीकडं, लोकांकडं पाठ करून, खाली वाकून आकांक्षा भाता मारत होती.