आतून आलेला पुडा

"मीठ निम्मं, तेल निम्मं! हे काय काप आहेत?" बागेतल्या बाकावर सुतारकाकांचे दोस्त सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. फास्ट फूडच्या दुकानांना नवा नियम लागल्यापासून त्यांना दुसरा विषय नव्हता.

सुतारकाका गालातल्या गालात हसले. दोस्त खात होते त्याच, बागेच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले बटाट्याचे काप त्यांना मात्र अजून पहिल्यासारखेच लागत होते.

हृदयाच्या ऑपरेशननंतर काकूंनी कढई माळ्यावर टाकली, तेव्हा काकांनी हे दुकान शोधून काढलं होतं. रोज संध्याकाळी एक पुडा खायचा, नळावर हात खसखसून धुवायचे आणि साळसूदपणे घरी जायचं. आयुष्यात एवढंच एक सुख उरलं होतं बिचाऱ्याचं.

"बसा काका, तुमचे ताजे करून देतो," म्हणत दुकानदार आजही आतल्या खोलीत गेला. कितीही गर्दी असो, काकांचा पुडा आतूनच यायचा. आपल्यासाठी पोरगा नियम मोडतोय, हे काकांनी केव्हाच ताडलं होतं. त्यांना भरून यायचं.

पुडा हातात पडतो न पडतो तोच सरकारी तपासनीस आत आले. "आजोबा, नमुना हवाय. तुमच्यातले चार काप द्या."

काकांनी पुडा छातीशी धरला. आपल्या जिभेपायी पोराचं दुकान बंद होणार! त्यांनी सगळे काप तोंडात कोंबले. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण पुरावा पोटात गेला.

"संपले," ते कसेबसे म्हणाले.

तपासनीसांनी कपाळाला हात लावला. काउंटरवरचे काप तपासले, ठीक आहे म्हणाले आणि गेले.

"माझ्यासाठी पुन्हा असला धोका पत्करू नकोस रे," काका कुजबुजले.

"तुमच्यासाठी एवढंही करू नये का?" दुकानदार हसून म्हणाला.

काका हात धुऊन, छाती पुढे काढून घरी निघाले. ते वळणाआड गेल्यावर दुकानदारानं फोन लावला.

"काकू, काका निघालेत. जीभ भाजलीय, गार दूध काढून ठेवा. नाही हो, तेलाचा थेंब नाही! पहिल्या दिवसापासून तुम्ही सांगितलंत तसेच, भट्टीत भाजून देतोय."